पाठीमागची मूठ

तिला सगळे क्रेन म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर, आणि तीही ओ देत असे. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्या नावाची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. नंतर वाटेनाशी झाली, आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

लहानपणापासून तिचे दंड हा घरातला दुखरा विषय. इतर मुलींना नाकावरून नाहीतर रंगावरून बोलणी बसायची, हिला दंडांवरून. कपाट सरकवायचं, गादी माडीवर न्यायची, की हाक हिलाच. आणि पाहुणे आले की आई हळूच म्हणणार, "लांब बाह्यांचं घाल गं काहीतरी." म्हणजे कामाला दंड हवेत, दाखवायला नकोत! आता अशा घरात मुलीनं करायचं तरी काय? फोटो काढायच्या वेळी ती न सांगता मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची. पुढे एका मोठ्या लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायला लागली. तिथं ताकदीचा उपयोग होता, कौतुक नव्हतं. गठ्ठा काही वळून "वा गं पोरी" म्हणत नाही.

मग आत्यानं डोकं लढवलं. आत्या इस्पितळात कारकून होती, तिला कुठल्या खात्यात माणसं लागतात ते बरोबर कळायचं. एका रविवारी येऊन म्हणाली, "हिला पुनर्वसन तंत्रज्ञाच्या कोर्सला घाला."

"पुनर्वसन?" आई म्हणाली. "म्हणजे धरणात घरं गेलेल्यांचं?"

"तसलं नव्हे गं वहिनी! अर्धांगाचा झटका आलेली, हाडं मोडलेली, अपघातातून वाचलेली माणसं असतात ना, त्यांना परत उठायबसायला, चालायला शिकवायचं. काय शिकवायचं ते फिजिओथेरपिस्ट ठरवणार, रोज करून घेणार तंत्रज्ञ. आणि मला सांग, माणसं म्हातारी व्हायची थांबणारेत का? पडायची थांबणारेत? या कामाला मरण नाही. अंगात ताकद पाहिजे, तोंडात गोडवा पाहिजे आणि घाण वाटता कामा नये. ताकद तर देवानं भरभरून दिलीय, बाकीचं शिकेल."

आत्याचं सगळं खरं होतं. फक्त या कामात सगळ्यात जास्त लागतं ते एक ती सांगायची विसरली. तिलाही ठाऊक नसणार.

कोर्स झाला, आणि क्रेन इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या लांब खोलीत कामाला लागली. एका भिंतीला उभा आरसा, मध्ये धरून चालायच्या दोन दांड्या, कोपऱ्यात चढून तिथंच उतरायच्या लाकडी पायऱ्या, आणि फिनेल नि मलमाचा मिसळलेला वास. पेशंटला चाकाच्या खुर्चीतून आणायचं, त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्टा मागून धरायचा आणि त्याला उभं करायचं. पट्टा कशासाठी? माणूस पडायला लागला तर सावरायला. उचलायला नव्हे. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. क्रेननंही ऐकलं होतं.

पण पहिल्याच महिन्यात काय झालं, एक आडदांड ट्रकवाला काही केल्या उठेना. क्रेननं मागून पट्ट्यात मूठ घातली, आपला गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्याला लावला आणि "हं, उठा!" म्हणून जरा जोर दिला. ट्रकवाला उभा! त्याची बायको रडायला लागली. क्रेनचे हात हातात घेऊन, डोळ्यांना लावून म्हणाली, "तुमच्या हाताला यश आहे हो." ज्या दंडांना जन्मभर लांब बाह्या, त्यांना कुणीतरी डोळ्यांना लावत होतं. दुसरी कुणी असती तर तिचंही डोकं फिरलं असतं.

तेव्हापासून तिची मूठ पट्ट्यातून सुटलीच नाही. पुढून बघणाऱ्याला ती दिसायची नाही. दिसायचा तो उभा राहिलेला पेशंट, आणि त्याच्यामागे हसऱ्या तोंडाची क्रेन. नातेवाईक येऊन सांगायला लागले, आम्हाला क्रेनताईच पाहिजेत.

त्याच खोलीत दुसरा तंत्रज्ञ होता, सुतळी. अंगानं तसाच, आणि स्वभावानं महाचिडका. तो पट्टा दोन बोटांत धरायचा, दुसरा हात आपल्या पाठीमागे ठेवायचा आणि पेशंटला म्हणायचा, "उठा. मला काय बघताय, मी काय सिनेमा आहे? उठा." पेशंट शिव्या घालायचे. हा खुशाल उभा! एका म्हातारबुवांनी तर काठी फेकून मारली होती. "काठी उचलायला वाकले तर वाकू देत," म्हणाला, "तोही व्यायामच." लोक त्याला दगड म्हणायचे. क्रेनही म्हणायची. तो तिला एवढंच म्हणायचा, "तू माणसं उभी करत नाहीस, उचलून दाखवतेस."

"जळतंय तुझं," क्रेन म्हणायची.

त्यांच्या वरच्या मॅडम, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, हुशार बाई, पण एकटी आणि खोलीत पेशंट ढीगभर. त्या रोज तंत्रज्ञांना विचारायच्या, "आधार किती लागतो? पूर्ण, अर्धा, की नावापुरता?" जे उत्तर मिळेल त्यावर त्या पुढचं ठरवायच्या. क्रेनचं उत्तर हळूहळू एकच होऊन बसलं: नावापुरता. आणि त्याच सुमारास बातमी आली की दोन तंत्रज्ञांपैकी एकाला कायम करणार आहेत.

अशा दिवसांत टेलरबाई आल्या.

डाव्या अंगावरून वारं गेलेलं, डाव्या हातात जेमतेम पकड उरलेली, तोंड मात्र शाबूत. क्रेन पहिल्याच दिवशी "चला आजी" म्हणाली तर टेलरबाई म्हणाल्या, "आजी असेल तुझी आई. मला मावशी म्हण." अशी ओळख. जन्मभर बायकांचे कपडे शिवलेले. पुढं दुकान, मागं एक खोली नि स्वयंपाकघर, नवरा गेल्यापासून तिथं एकट्या. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. चांगला होता बिचारा, रोज यायचा आणि म्हणायचा, "आई, आता आमच्याकडेच चल."

"सुनेचं काही वाईट नाही गं," टेलरबाई क्रेनला म्हणाल्या. "पण तिच्या घरात कात्री कुठं आहे ते मला विचारावं लागतं. माझ्या घरात मी अंधारात हात घातला तरी सापडते. मला माझ्या घरी जायचंय, बाकी काही नको."

मॅडमनी स्वच्छ सांगितलं. खुर्चीवरून आपल्या आपण उठता आलं आणि वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाता आलं, तरच एकटीनं घरी. नाहीतर मुलाकडे.

क्रेननं चंगच बांधला, मावशींना घरी पाठवायचंच. तिची माया खोटी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण मायेच्या भरात तिनं काय केलं? जे करायची तेच. "उठा मावशी!" आणि मागून मूठ. "चला मावशी!" आणि मागून मूठ. टेलरबाई उठायच्या, चालायच्या, आरशात बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. क्रेनला वाटायचं, आनंदानं गप्प होतात.

शेवटच्या दिवशी मुलगा आला, मोबाइल घेऊन. मॅडमही समोर येऊन उभ्या राहिल्या. टेलरबाई उठल्या, वॉकर पुढं, पाय पुढं, वॉकर पुढं, पाय पुढं, थेट दारापर्यंत. मुलाचे डोळे भरून आले, हातातला मोबाइल हलायला लागला. आजूबाजूच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. आणि इकडं मागं क्रेनचा हात कोपरापासून थरथरत होता. अख्ख्या बाईचं वजन होतं त्या मुठीत. लाँड्रीत गठ्ठे उचललेला हात तो, त्याला वजन कळत नाही होय? तिला कळलं. त्या क्षणी चांगलं लख्ख कळलं की ही बाई चालत नाहीये, आपण हिला वाहून नेतोय.

"आधार किती?" मॅडमनी विचारलं.

क्रेननं मुलाकडे पाहिलं. तो इतका आनंदात होता!

"नावापुरता," ती म्हणाली.

"हात काढून एकदा दाखव," असं मॅडम म्हणणारच होत्या. पण तेवढ्यात वरच्या वॉर्डातून बोलावणं आलं, त्या घाईनं "ठीक आहे, सोडू या" म्हणत गेल्या. सुतळी पायऱ्यांपाशी उभा होता. त्यानं नुसतं बघितलं आणि मान फिरवली. ते बघणं क्रेनला झोंबलं, पण लोकांची शाबासकी जास्त मोठ्यानं ऐकू येत होती.

त्याच आठवड्यात क्रेन कायम झाली. आईनं गल्लीत घरोघरी सांगितलं, "आमची मुलगी माणसं उभी करते." पहिल्यांदाच लांब बाह्यांचं काही बोलली नाही. क्रेनचे कान तापले. तिनं ताटात मान घातली आणि मुकाट्यानं जेवली.

आणि मग बातमी आली. टेलरबाई भिंतीला धरून कशाबशा न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि तिथंच पडल्या होत्या. सकाळी हाकेला ओ आली नाही म्हणून शेजारच्या बेकरीवाल्यानं दार ढकललं, तेव्हा सापडल्या. नशिबानं डोकं वाचलं. पण पडताना चांगला हात खाली आला आणि उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात!

इस्पितळात सगळ्यांनी एका सुरात काय म्हणावं? "म्हातारी माणसं ऐकतात कुठं? घाई केली असेल. चप्पल ओली असेल." मुलगा येऊन क्रेनलाच म्हणाला, "ताई, तुम्ही तर तिला किती छान चालवलं होतं! तिनंच काळजी घेतली नाही." आणि क्रेन? मूग गिळून गप्प बसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं तिला, पण जीभ काही उचलली नाही. मला विचाराल तर मूठ घातली त्याचं एक वेळ मी समजू शकतो. हे गप्प बसणं मात्र नाही. एक बाई पडते काय, आणि पडल्याचा दोषही तिच्याच माथी! सुतळीनं त्या दिवशी तिला एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

टेलरबाईंना मुलानं आपल्या घरी नेलं होतं; प्लास्टर निघाल्यावर मॅडमनी क्रेनलाच मुलाच्या घरी जाऊन व्यायाम घ्यायला सांगितलं. "तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा," म्हणाल्या. क्रेन गेली खरी. जिन्यात मात्र दोनदा थांबली.

मुलाचं घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत, दाराच्या बाजूला दोरीवर पडदा लावून टेलरबाईंची कॉट घातली होती. शेजारी खुर्ची, खुर्चीपुढे वॉकर. टेलरबाई खुर्चीत बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. क्रेनला बघून हसल्या नाहीत.

"बरं झालं आलात," मुलगा म्हणाला. "ही प्रयत्नच करत नाही हो. 'उठ' म्हटलं की मान हलवते. मी रोज सकाळी हिला व्हिडिओ दाखवतो, की बघ आई, तू कशी चालत होतीस! तुला येतं, तू मनावर घेत नाहीस." आणि त्यानं मोबाइल काढून आईपुढे धरला. "बघ. ही तूच ना?"

मोबाइलमधून टाळ्यांचा आवाज आला. टेलरबाईंनी बघितलं नाही. त्यांची मान खाली गेली होती, शाळेत उभं केलेल्या मुलासारखी. रोज सकाळी! रोज सकाळी ही बाई क्रेनच्या खोट्याची बोलणी खात होती.

"ते दुकान पण आता काढून टाकावं म्हणतोय," मुलगा सांगत होता. "मशीन बघायला माणूस येणारेय उद्या. हिची जायची इच्छाच राहिली नाही, तर बंद खोलीचं करायचं काय?" असं म्हणून तो पाणी आणायला आत गेला.

क्रेन खुर्चीपुढं उकिडवी बसली. "मावशी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"तो व्हिडिओ नीट बघितलास का कधी?" टेलरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दारापाशी मी जरा वळते, तिथं माझ्या गाऊनला मागून चुण्या दिसतात. सगळ्या वर ओढलेल्या. जन्म गेला माझा कापड बघण्यात. कापड आपोआप वर चढत नाही, पोरी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या अंगाचं मला माहीत नसेल? पाय जमिनीला नुसते लागायचे."

"मग बोलला का नाहीत मावशी?"

"बोलले असते तर घरी सोडलं असतं मला?" टेलरबाईंनी वर पाहिलं. "मला वाटलं, एकदा घरात पाय पडला की जमेल. तू मूठ घालून खोटं केलंस, मी गप्प बसून. आता मुलाला कुठल्या तोंडानं सांगू? तो रोज बोलतो, मी ऐकते. माझी पण चूकच आहे."

क्रेनला आता रडू आवरेना. आपण मारलेली थाप ही बाई आपल्याबरोबर वाटून घेतेय, याची तिला जितकी शरम वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नव्हती. कुठले दंड नि कुठलं काय!

मुलगा पाणी घेऊन बाहेर आला. त्याच्यामागे सून दारात उभी राहिली. क्रेन उठली आणि एका दमात बोलून टाकलं, थांबली असती तर परत गिळलं असतं.

"त्या चालत नव्हत्या. त्या दिवशीही नाही आणि आधीही नाही. मागून पट्ट्याला धरून मी त्यांना उचललं होतं. मॅडमना खोटं सांगितलं. त्या माझ्यामुळे पडल्या, त्यांची काही चूक नाही."

मुलगा पेला तसाच धरून उभा. "उचललं होतं म्हणजे? मी स्वतः समोर होतो."

"समोरून दिसत नाही. चुण्या बघा गाऊनच्या."

त्यानं मोबाइल काढला, बघितलं, परत मागं नेऊन बघितलं. मग आईकडे बघायचं त्याला धैर्य होईना. "आणि मी हिला रोज..." एवढं म्हणून तो थांबला. सुनेनं तोंडावर हात दाबून धरला. मग त्याचा आवाज चढला. "कशासाठी केलंत असं? नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी," क्रेन म्हणाली. "आणि लोक चांगलं म्हणायचे म्हणून. उद्या मॅडमना सांगणार आहे मी. ठेवतील नाही ठेवतील, त्यांची मर्जी."

"निघा तुम्ही," मुलगा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"ती जाणार नाही," टेलरबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला धार आली होती. "एवढं करून आता पळून जाते म्हणे! शिकवायला आलीय ना, शिकवू दे. बांध गं पट्टा."

क्रेननं पट्टा बांधला. तिची बोटं सवयीनं आत गेली, मूठ वळायला लागली. तिनं ती सोडवून घेतली. दोन बोटं पट्ट्याखाली नुसती टेकवून ठेवली, पडल्या तर सावरायला, आणि दुसरा हात पाठीमागं नेला. तिला आयुष्यात याच्याइतकं जड काही वाटलं नव्हतं.

"उठा मावशी."

टेलरबाईंनी खुर्चीचे हात धरले, जोर केला. काही झालं नाही. मनगट दुखलं असावं, त्यांनी ओठ चावला. परत जोर केला. कपाळावर घाम आला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. सुनेनं डोळे मिटून घेतले.

"अहो, बघताय काय नुसत्या?" मुलगा ओरडला. "धरा ना तिला! त्या दिवशी धरत होता, आणि आता हातावर हात धरून उभ्या?" तो पुढे धावला. क्रेननं आपला तो भलाथोरला दंड त्याच्यापुढे आडवा धरला. मुलगा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता, लाजेनं तिचे कान पेटले होते, तरी ती हलली नाही.

"हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बाईला असं करता? माणूस आहात का कोण?"

"त्यांना उठू द्या," क्रेन म्हणाली.

टेलरबाईंनी तिसऱ्यांदा जोर केला. खुर्ची कुरकुरली. त्यांचं अंग खुर्चीवरून सुटलं, मांडीखालून एखादं पातळ कापड ओढून घेता येईल इतकंच. गुडघे लटलट कापले. पट्ट्याखालच्या क्रेनच्या दोन बोटांना काहीच वजन लागलं नाही. मग टेलरबाई धपकन परत बसल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेलरबाई धापा टाकत होत्या. श्वास जरा जागेवर आल्यावर त्यांनी मुलाला हात करून जवळ बोलावलं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "एवढंच येतं मला. उद्या मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांग."